अडलात तर दिशा बदला

ऑक्टोबरअखेर घड्याळं एक तास मागे गेली आणि मिल्टन कीन्समध्ये दुपारी चारलाच अंधार दाटू लागला, की ओळखीच्या मराठी घरांतून तोच एक प्रश्न येऊ लागतो. पोरासाठी आणलेला गेम बापच रात्री अकरापर्यंत खेळत बसलेला असतो, किंवा कॉलेज सुटल्यावर बाजूला पडलेला कंट्रोलर एखादीने चाळिशीत पुन्हा हातात घेतलेला असतो. गेम मोठा, जग मोकळं, तलवारी, जादू, ड्रॅगन, सगळं मनासारखं. आणि तिसऱ्या संध्याकाळी फोन: ‘मस्त आहे हो, पण पुढेच जाता येत नाही. हा सोपा कुठून करायचा?’

बहुतेक वेळा सोपा करायची गरज नसते. तुम्ही फक्त नको त्या वेळी नको त्या जागी उभे असता. खुल्या जगाच्या गेममध्ये अवघडपणा हा मेन्यूतल्या बटणापेक्षा नकाशावर जास्त असतो. गेम किती कठीण, आपलं पात्र किती ताकदवान आणि आपण फिरतो कुठे, या तीन गोष्टी मेन्यूत वेगवेगळ्या पानांवर दिसतात. खेळताना मात्र त्या एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत. एक अडली की उरलेल्या दोघींकडे बघायचं, एवढं जमलं तरी निम्मी डोकेदुखी जाते.

एल्डन रिंगचंच घ्या. २०२२ साली आलेला हा गेम, जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा. सुरुवातीच्या गुहेतून बाहेर पडलात की समोरच सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार गस्त घालत असतो. नवखा माणूस त्याला जाऊन भिडतो, दोन फटक्यांत मरतो, पुन्हा भिडतो, पुन्हा मरतो आणि शेवटी सोपं करायचं बटण शोधू लागतो. या गेममध्ये ते बटण नाहीच. पण त्या घोडेस्वाराला हरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे सांगितलं कुणी? वाट त्याच्या शेजारून जाते. झाडाझुडपांतून वाकून गेलात तर त्याला पत्ताही लागत नाही. माझ्या मते तो तिथे उभा केलाय तोच मुळी वळसा घालायला शिकवण्यासाठी. पुढे स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या तोंडाशी मार्गिट नावाचा बॉस अडवतो. सोनेरी किरणं तुम्हाला सरळ त्याच्याकडेच नेतात, म्हणून लोक तिथे डोकं आपटत राहतात. खरं तर त्या वेळी नकाशात दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला नावाचा अख्खा प्रदेश मोकळा पडलेला असतो, तिथले शत्रू झेपण्यासारखे असतात, आणि तिथून हिंडून आलात की तोच मार्गिट माणसात आलेला वाटतो.

जग तुमच्यासोबत वाढतं का?

नवा गेम हातात घेतल्यावर मी सगळ्यात आधी हे बघायला सांगेन. याचं उत्तर कळलं नाही, तर बाकीचा कुठलाही सल्ला उलटा पडू शकतो.

काही गेममध्ये जग ठाम असतं. जंगलातला राक्षस पहिल्या दिवशी जेवढा ताकदवान, तेवढाच पन्नासाव्या दिवशीही. २००१ चा जर्मन गेम गॉथिक असा होता. रस्ता सोडून दहा पावलं आत गेलात की मेलात, आणि पुढे कधीतरी त्याच जागी तुम्ही शीळ घालत फिरता. २००२ चा मॉरोविंड बराचसा असाच, एल्डन रिंगही असाच. अशा जगात मार खाल्लात तर तो निरोप समजायचा: आत्ता नको, नंतर ये. नकाशावर खूण करायची आणि निघायचं. इथे हट्ट करणं म्हणजे अंधारात दगडाला लाथा मारणं.

दुसऱ्या टोकाला २००६ चा ऑब्लिव्हियन. त्यात तुमची लेव्हल वाढली की जगाचीही वाढते. कल्पना चांगली होती, कुठेही जा, कधीही जा, लढाई बरोबरीचीच मिळेल. प्रत्यक्षात गंमत अशी झाली की रस्त्यावरचे भणंग लुटारूसुद्धा पुढे पुढे लाखमोलाची काचेची आणि डेड्रिक चिलखतं घालून तुमच्याकडे किरकोळ सोनं मागू लागले. त्याहून वाईट म्हणजे, लेव्हल वाढण्यासाठी मुख्य म्हणून निवडलेल्या कौशल्यांची बेरीज मोजली जायची. कुणी पळणं, उड्या मारणं, गोड बोलणं अशी कौशल्यं मुख्य म्हणून निवडली, तर नुसतं बागडून त्याची लेव्हल चढायची आणि शत्रू मात्र खऱ्या अर्थाने दांडगे व्हायचे. पात्र वाढतंय आणि तरी दुबळं होतंय, असा उफराटा प्रकार. एप्रिल २०२५ मध्ये या गेमची नवी आवृत्ती आली. तिच्यात लेव्हल वाढल्यावर गुण वाटून घ्यायची पद्धत सुधारली, ती आकडेमोड राहिली नाही. पण शत्रू तुमच्यासोबत वाढतात हे कायम आहे. म्हणून अशा गेममध्ये सल्ला वेगळा: लढायचं कौशल्य मागे पडू देऊ नका आणि मुख्य कथेतल्या मोठ्या लढाया फार लांबवू नका. क्वाच शहराची लढाई लवकर केली तर बरीच सुसह्य जाते. ‘आधी सगळं फिरून घेऊ, मग बघू’ म्हणणाऱ्याला ती महागात पडते.

स्कायरिम, २०११ चा, या दोघांच्या मधला. बहुतेक जागांना किमान आणि कमाल लेव्हल ठरवून दिलेली असते आणि तुम्ही पहिल्यांदा पाऊल टाकता तेव्हा ती तुमच्या लेव्हलप्रमाणे पक्की होते. पण व्हाइटरन शहराबाहेर शेकोटीशी बसलेले ते उंच जायंट कुणासाठी थांबत नाहीत. एका फटक्यात माणूस आभाळात जातो, आणि हे दृश्य आमच्या घरी अजूनही हशा पिकवतं.

झेल्डा मालिकेतल्या ब्रेथ ऑफ द वाइल्डची तऱ्हा तर फारच चतुर आहे. २०१७ चा हा निन्टेंडोचा गेम. त्यात लेव्हलच नाही. तुम्ही किती आणि कोणते शत्रू मारले याचा हिशेब गेम गुपचूप ठेवतो आणि लाल बोकोब्लिनच्या जागी हळूहळू निळे, काळे, चंदेरी उभे करतो. म्हणजे दिसेल त्याला झोडपत सुटणारा स्वतःच स्वतःचं जग अवघड करून घेतो.

ओळखायचं कसं? पहिल्या संध्याकाळीच एक छोटी चाचणी करा. गेम सेव्ह करा, आणि गावापासून शक्य तितकं लांब, कथेच्या उलट दिशेला चालत जा. तिथला पहिलाच प्राणी एका फटक्यात मारत असेल तर जग ठाम आहे, आणि नकाशा हाच तुमचा कठीणपणाचा स्लायडर. तिथेही लढाई गावाजवळच्यासारखीच वाटली तर जग तुमच्यासोबत चालतंय. द विचर ३ सारखा गेम तर सरळ सांगूनच टाकतो. प्रत्येक कामापुढे सुचवलेली लेव्हल लिहिलेली असते आणि फारच वरच्या शत्रूच्या नावाशी लाल कवटी दिसते. कवटी दिसली की वळायचं. आपली मंडळी ही कवटी बघूनही पुढे जातात, त्याला काय म्हणावं ते माझ्याकडे नाही.

त्या बटणाचं काय?

सोपं, मध्यम, कठीण असं बटण असलेल्या गेममध्ये ते दाबल्यावर नेमकं काय बदलतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. शत्रू हुशार होतो असा समज आहे. बहुतेक वेळा तो हुशार वगैरे काही होत नाही, फक्त गुणाकार बदलतो. स्कायरिममध्ये मधली पायरी अडेप्ट. तिथे तुमचा वार आणि शत्रूचा वार दोन्ही जसेच्या तसे. सगळ्यात खालच्या नॉव्हिसवर तुमचा वार दुप्पट, शत्रूचा निम्मा. सगळ्यात वरच्या लेजेंडरीवर तुमचा वार पाव, शत्रूचा तिप्पट. म्हणजे लांडगा तोच, अक्कल तीच, फक्त त्याला चौपट वेळ बदडायचं. याला मी कठीण म्हणत नाही, कंटाळवाणं म्हणतो. नव्या ऑब्लिव्हियनमध्येही पायऱ्यांमधलं अंतर इतकं बेढब होतं की अडेप्टवर लोणी आणि एक्स्पर्टवर दगड अशी तक्रार झाली, आणि नंतरच्या दुरुस्तीत मध्ये आणखी एक पायरी घालावी लागली.

विचर ३ मध्ये मात्र बटणाने खेळायची रीत बदलते. खालच्या दोन पायऱ्यांवर ध्यानाला बसलं की जखमा भरून येतात, वरच्या दोनवर येत नाहीत. मग खाणं जवळ बाळगावं लागतं, शत्रूची माहिती वाचावी लागते, तलवारीला योग्य तेल लावावं लागतं. विचर म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा कारागीर, आणि वरच्या पायरीवर ते कारागीरपण अंगी भिनतं. म्हणून ज्यांचा हात बसलाय त्यांनी विचर तिसऱ्या पायरीवर खेळावा, आणि स्कायरिम मधल्या पायरीवरून हलवू नये, असं माझं स्पष्ट मत.

बटण खाली कधी न्यायचं, याला एक साधी कसोटी आहे. काय करायचं ते कळलंय पण हात साथ देत नाहीत, मनगट दुखतं, दिवसभर स्क्रीनसमोर बसून डोळे शिणलेत, पंचेचाळिशीत बोटं पंचविशीची राहिलेली नाहीत, तर बेलाशक खाली न्या. यात कमीपणा कसला? पण काय करायचं तेच कळत नसेल तर बटणाला हात लावू नका. कारण मग तुम्ही न शिकताच पुढे सरकता आणि दहा तासांनी पुन्हा अडता, त्या वेळी आणखी खाली न्यायला पायरी उरलेली नसते.

पात्र वाढवायचं म्हणजे

लेव्हल वाढवायची दोन घराणी आहेत. एकात जे कराल ते वाढतं: मॉरोविंड, ऑब्लिव्हियन, स्कायरिम. तलवार चालवली की तलवार, कुलपं उघडली की कुलपं. दुसऱ्यात गुण मिळतात आणि ते तुम्ही वाटता: एल्डन रिंग, विचर. पहिल्यात धोका हा की माणूस सगळंच थोडं थोडं करतो आणि कशातच तयार होत नाही. स्कायरिममध्ये अठरा कौशल्यं आहेत आणि दर लेव्हलला त्यांतल्या खास विद्येसाठी गुण मिळतो एकच. तेव्हा लढायचं एक आणि जगायचं एक अशी दोन निवडा. धनुष्य आणि लपणं, किंवा एकहाती तलवार आणि जड चिलखत. बाकीचं आपोआप येईल तेवढं येऊ द्या.

दुसऱ्या घराण्यात नवखे सगळे गुण हल्ल्यावर उधळतात. एल्डन रिंगमध्ये हे हमखास होतं. जोरदार वार करणारं पण फुंकरीने पडणारं पात्र तयार होतं. तिथे सुरुवातीला गुण व्हिगरमध्ये, म्हणजे जिवात घाला. चाळीसपर्यंत प्रत्येक गुणाचं चांगलं मोल मिळतं, साठच्या पुढे जवळजवळ काहीच मिळत नाही. आणि वार वाढवायचा तर लेव्हलपेक्षा हत्यार सुधारा. साधं हत्यार स्मिदिंग स्टोनने पंचवीस पायऱ्या वर जातं, खास हत्यार दहा. चर्च ऑफ एलेहमधल्या ऐरणीवर पहिल्या तीन पायऱ्या सुरुवातीलाच होतात. हे दगड मिळतात कुठे? खाणींत, गुहांत, आडवाटेला. म्हणजे ताकद हवी तर फिरायला हवं, पुन्हा नकाशाकडेच आलो.

जून २०२४ मध्ये एल्डन रिंगचा पुरवणी भाग, शॅडो ऑफ द एर्डट्री, आला तेव्हा हाच धडा भल्याभल्यांना नव्याने गिरवावा लागला. दीडशेच्या पुढच्या लेव्हलची पात्रं घेऊन लोक आत गेले आणि साध्या शिपायांकडून मार खाऊन बाहेर आले. तिथली ताकद रून्सने, म्हणजे शत्रू मारून मिळणाऱ्या चलनाने, विकत मिळत नव्हती, स्कॅड्यूट्रीचे तुकडे शोधून वाढत होती आणि ते तुकडे त्या नव्या प्रदेशात कानाकोपऱ्यांत ठेवले होते. जे कथेच्या रस्त्याने सरळ गेले ते आपटले, जे भटकले त्यांना फारसं काही जाणवलं नाही. तक्रारी इतक्या झाल्या की काही दिवसांतच सुरुवातीच्या तुकड्यांचा फायदा वाढवावा लागला.

रून्सबद्दल आणखी एक. मेलात की जवळचे सगळे रून्स तिथेच पडतात, आणि ते उचलायला जाताना पुन्हा मेलात तर कायमचे गेले. म्हणून अनोळखी दारात शिरण्याआधी ते खर्च करून टाका. खिसा रिकामा असला की माणूस निर्धास्त फिरतो. औषधांचंही तेच. आपल्याकडे चांगली वस्तू अडीअडचणीसाठी ठेवून द्यायची सवय हाडीमाशी खिळलेली आहे, आणि गेम संपतो तेव्हा पिशवीत चाळीस औषधाच्या बाटल्या तशाच असतात. वापरा. विचरमध्ये तर औषध एकदा तयार केलं की जवळ कडक दारू असेपर्यंत नुसत्या ध्यानाने पुन्हा भरतं, तिथे काटकसर निव्वळ अडाणीपणा आहे.

एकाच जागी तेच शत्रू तासन्‌तास मारून लेव्हल वाढवण्याला खेळाडू ‘ग्राइंड’ म्हणतात. माझं त्यावर एवढंच म्हणणं: ग्राइंड करावंसं वाटलं की समजा जागा चुकली आहे. विचरमध्ये तर त्याचा उपयोगही नाही. अनुभवाचे गुण मुख्यतः कामं पुरी करून मिळतात, आणि काम तुमच्यापेक्षा सहा लेव्हल खालचं असलं की त्याचे गुण नावापुरतेच येतात.

फिरायचं कसं

मिल्टन कीन्सला राहणाऱ्याला हे समजवायला सोपं जातं. हे शहर १९६७ साली नवं शहर म्हणून जाहीर झालं आणि आधी कागदावर आखलं गेलं. साधारण एक किलोमीटरच्या अंतराने आडवे रस्ते एच आणि उभे रस्ते व्ही, दर चौकाला गोल चक्कर, आणि दोन्ही बाजूंना झाडांच्या भिंती. नवा माणूस एच ६ वरून व्ही ७ वर, तिथून पुढच्या चक्करला, असा महिनोन्‌महिने गाडी चालवतो आणि त्याला झाडांपलीकडे शहर दिसतच नाही. तेच रेडवेवरून, म्हणजे शहरभर सुमारे तीनशे किलोमीटर पसरलेल्या त्या तांबड्या पायवाटांवरून, सायकल काढली की रस्त्याखालच्या बोगद्यातून एकदम तळं लागतं, जुन्या खेड्यातलं गवताने शाकारलेलं घर लागतं. गेममध्ये नकाशावरचा बाण धरून पळणं हे ग्रिड रोडवरून जाणं. पोहोचता लवकर, पाहत काही नाही, आणि पाहिलं नाही म्हणून पात्रही वाढत नाही.

तर बाण बंद करा. विचरमध्ये नकाशावरची प्रश्नचिन्हं लपवता येतात, लपवा. विशेषतः स्केलिगेच्या समुद्रातली. ती डझनावारी प्रश्नचिन्हं म्हणजे बहुतेक पाण्यात तरंगणारी तस्करांची पिंपं आहेत, ती एकेक करून पुसत बसणं हा गेम नव्हे, ती कारकुनी. मॉरोविंडमध्ये बाण नव्हताच. माणसं तोंडी पत्ता सांगायची, नदी ओलांड, डावीकडचा डोंगर धर, आणि चुकलात की चुकलात. त्या चुकण्यातच कितीतरी गुहा सापडायच्या.

बाण नाही तर बघायचं कशाकडे? उंच गोष्टीकडे. ब्रेथ ऑफ द वाइल्ड बनवणाऱ्यांनी २०१७ साली जपानमधल्या एका परिषदेत आपली त्रिकोणाची युक्ती सांगितली होती. डोंगर, टेकडी, छप्पर, सगळ्यांना त्रिकोणी आकार द्यायचा, म्हणजे मागचं अर्धवट झाकलं जातं आणि खेळणाऱ्याला ठरवावं लागतं की चढून जायचं की वळसा घालायचा. दोन्हीकडून काहीतरी वेगळं हळूहळू उघडत जातं. त्याच गेमचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी अंतरांचा अंदाज यावा म्हणून आपल्या ओळखीच्या क्योटो शहराचा नकाशा गेमच्या नकाशावर ठेवून पाहिला होता. तुम्हीही पहिल्याच दिवशी एका उंच जागी चढा, चारी बाजूंना बघा, डोळ्यांना खटकणाऱ्या तीन जागा मनात धरा आणि त्यांतल्या एकीकडे चालू लागा. वाटेत लक्ष दुसरीकडे वेधलं तर खुशाल भरकटा. एल्डन रिंगमध्ये नकाशाचे तुकडे मिळवावे लागतात, पण कोऱ्या नकाशावरही ते जिथे आहेत तिथे छोट्या शिळेची खूण असते. नव्या प्रदेशात शिरलात की आधी ती शिळा गाठा.

फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावर बोट ठेवून क्षणात पोहोचणं, परतीसाठी ठेवा. जाताना पायी किंवा घोड्यावरून. नोकरी करणाऱ्या माणसाला आठवड्यात तीन-चार संध्याकाळी तासभर मिळतो, म्हणून त्याला वाटतं वेळ वाचवला पाहिजे. उलट आहे. तास एकच असेल तर एकच जागा धरा, आणि गेम बंद करताना कागदावर एक ओळ लिहून ठेवा: कुठे आहे, काय शोधत होतो. चार दिवसांनी परत बसल्यावर ती ओळ कुठल्याही लेव्हलपेक्षा जास्त उपयोगी पडते. शंभर तासांचा गेम अर्ध्यात सुटतो तो बहुधा कठीण म्हणून नाही, तर परत आल्यावर काहीच आठवत नाही म्हणून.

इथल्याच मातीतली गोष्ट

हे सगळं जपान-अमेरिकेचं खूळ आहे असं मानणाऱ्यांसाठी जरा विषयांतर. एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने, आणि पुढे त्याच्या जोडीने रिचर्ड बार्टल याने, एमयूडी नावाचा गेम रचला. पडद्यावर नुसती अक्षरं, पण एकाच अद्भुत जगात अनेक माणसं एका वेळी वावरू शकत होती. गुण साठवत शेवटी जादूगार व्हायचं. याच बार्टलने १९९६ मध्ये खेळणाऱ्यांचे चार प्रकार मांडले: मिळवणारे, हुडकणारे, गप्पा मारणारे आणि दुसऱ्यांना मारणारे. आपण कोण हे ओळखलं तर पैसे वाचतात. मिळवणाऱ्याला लेव्हल नसलेला झेल्डा पोकळ वाटेल, हुडकणाऱ्याला तो स्वर्ग.

आणि १९८४ चा एलिट. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन केंब्रिजच्या विद्यार्थ्यांचा, बीबीसी मायक्रोवरचा. अवकाशातला होता, तलवारीचा नव्हता, पण तीन जीव आणि वाढता स्कोअर ही तेव्हाची चाकोरी त्याने मोडली. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, आणि तुमचा दर्जा ‘हार्मलेस’पासून ‘एलिट’पर्यंत चढत जाणारा. कुठे जायचं ते कुणी सांगत नव्हतं. तो ज्या यंत्रावर चालायचा ते बीबीसी मायक्रो आपल्या ब्लेचलीतच, नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंगमध्ये, ओळीने मांडलेले आहेत. तिथे सगळे कोलोसस हा जुना संगणक बघायला जातात, जावंच. पण मुलांना घेऊन त्या खोलीतही थांबा आणि सांगा की तुमच्या झेल्डासारखं मोकळं जग एके काळी एवढ्याशा डब्यात मावत होतं.

आपल्याकडचं काही आहे का, हेही विचारलं जातं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी २०२० साली आला. दुर्गा, विष्णू, राजस्थानी महालांसारखी चित्रं, भावाला सोडवायला निघालेली मुलगी. जरूर खेळा, पण तो सरळ वाटेचा गेम आहे, खुल्या जगाचा नाही. या लेखातलं फिरण्याबद्दलचं काही त्याला लागू पडत नाही.

मुलं खेळणार असतील तर

डब्यावरचा पेगीचा आकडा अवघडपणाचा नसतो, वयाचा असतो. ही गल्लत फार होते. १२ लिहिलेला ब्रेथ ऑफ द वाइल्ड प्रौढांनाही घाम फोडतो. १८ लिहिलेला स्कायरिम हाताला सोपा आहे, पण आत रक्तपात आहे. विचर ३ वरही १८ आहे आणि तो आकडा तिथे पूर्णपणे बरोबर आहे, दहा वर्षांच्या पोरासमोर तो लावूही नका. एल्डन रिंग १६. हॉगवर्ट्स लेगसी १२, त्यात कठीणपणाच्या चार पायऱ्या असून खेळताखेळता बदलता येतात, म्हणून पहिल्यांदा खेळणाऱ्या मुलाला तो बरा. ब्रिटनमध्ये २०१२ पासून १२, १६ आणि १८ चे गेम त्याखालच्या वयाच्या मुलाला दुकानातून विकणं बेकायदा आहे. घरात मात्र तो निर्णय तुमचा.

फुकट मिळणाऱ्या गेनशिन इम्पॅक्टबद्दल वेगळं बजावतो. जग देखणं आहे, फिरायला मजा येते, वयाचा आकडाही १२ च. पण नवी पात्रं सोडतीने मिळतात आणि सोडतीला खरे पैसे लावता येतात. म्हणजे पात्राची वाढ इथे पाकिटाशी जोडली आहे. कार्ड त्या खात्याला जोडू नका, आणि कन्सोलवर खर्चाची मर्यादा आधीच घालून ठेवा.

कुठून सुरुवात करावी असं विचाराल तर माझा क्रम असा. पहिला ब्रेथ ऑफ द वाइल्ड, कारण तो फिरायला शिकवतो. दुसरा स्कायरिम, मधल्या पायरीवर, पात्र घडवायला शिकण्यासाठी. मग एल्डन रिंग. विचर ३ कथेसाठी, मुलं झोपल्यावर. ऑब्लिव्हियनची नवी आवृत्ती जुनी आठवण असेल त्यांनीच घ्यावी, पहिला गेम म्हणून मी ती कुणालाही सुचवणार नाही.